केईएम की जेजे? लेकीच्या एमबीबीएससाठी दोन्हीकडे चकरा मारून घेतलेला निर्णय

गेल्या दीड वर्षात मला वीस-पंचवीस पालकांनी तरी हाच प्रश्न विचारलाय, ताई मार्क होते तर केईएम का नाही घेतलं, जेजे का घेतलं. फोनवर दरवेळी अर्धा तास जातो आणि समोरचा शेवटी म्हणतो की हे सगळं लिहून पाठवाल का, म्हणून एकदाच नीट लिहितेय. आम्ही डोंबिवलीला राहतो, लेक आता जेजेला दुसऱ्या वर्षाला आहे. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते, त्यामुळे हे एका आईनं केलेलं परीक्षण आहे असं समजून वाचा.

आधी नावांचा घोळ काढते कारण पहिल्यांदा फॉर्म बघताना आम्हीच गोंधळलो होतो. केईएम हे हॉस्पिटल आहे, त्याचं कॉलेज म्हणजे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज, सगळे जीएस म्हणतात, परळला, महापालिकेचं. जेजे हे हॉस्पिटल आणि त्याचं कॉलेज ग्रँट मेडिकल कॉलेज, भायखळ्याला, राज्य सरकारचं. पुण्यातलं केईएम वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही. दोन्हीकडे एमबीबीएसच्या 250 जागा आहेत, दोन्ही नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला जोडलेली, म्हणजे अभ्यासक्रम तोच, परीक्षा त्याच, डिग्रीवर विद्यापीठाचं नावही तेच. हे कळल्यावर माझा निम्मा ताण गेला. दोन्हींपैकी काहीही मिळालं तरी मूल चांगल्या ठिकाणी आहे, हे आधी मनाशी पक्कं करा आणि मगच पुढचा विचार करा.

आमचं वर्ष 2024 चं. ज्यांच्या घरी त्या वर्षी नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, होती त्यांना वेगळं सांगायला नको. 4 जूनला निकाल लागला, 67 जणांना 720 पैकी 720, मग ग्रेस मार्कांचा वाद, पेपरफुटी, सुप्रीम कोर्ट, काहींची फेरपरीक्षा आणि शेवटी जुलैच्या अखेरीस सुधारित निकाल, त्यात 720 वाले 17 च उरले. दोन महिने घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पुढच्याच वर्षी 2025 ला पेपर इतका अवघड आला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 होते. हे सांगायचं कारण म्हणजे अजूनही लोक मला विचारतात तुमच्या मुलीला मार्क किती होते, आणि तो आकडा घेऊन स्वतःच्या मुलाचं गणित मांडतात. असं करू नका, एका वर्षाच्या मार्कांचा दुसऱ्या वर्षाशी काही मेळ नाही. रँक बघा, आणि त्यातही राज्याच्या मेरिट लिस्टमधला नंबर, कारण 85 टक्के जागा राज्याच्या सीईटी सेलकडून, म्हणजे प्रवेशाचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून, भरतात आणि 15 टक्के ऑल इंडियातून, म्हणजे 250 मधल्या साधारण 37 जागांना देशभरातली मुलं येतात. नात्यातले काही जण अजून 70-30 च्या विभागीय कोट्याचा हिशोब सांगतात, तो 2020 ला रद्द झालाय.

या काळात आम्ही एक चूक केली ती इथे सांगतेच. एका कौन्सेलिंगवाल्याला पंधरा हजार रुपये दिले, नाव लिहीत नाही. त्यानं मागच्या वर्षीची कटऑफची यादी काढली, वरून खाली कॉलेजं लिहिली आणि म्हणाला हाच तुमचा प्रेफरन्स. माझ्या लेकीला त्यानं एकदाही विचारलं नाही की तू राहतेस कुठे, तुला काय हवंय. मी विचारलं जेजे पहिलं टाकलं तर, तर म्हणाला सीट फुकट घालवाल. हे साफ चुकीचं आहे. प्रेफरन्स फॉर्मची रीत अशी की तुमच्या मेरिट नंबरला तुमच्या यादीतलं सगळ्यात वरचं जे बसतं ते मिळतं, त्यामुळे जे मनापासून हवंय ते वर टाकल्यानं खालचं काही निसटत नाही. एवढं समजून घ्यायला पंधरा हजार लागत नाहीत, सीईटी सेलचं माहितीपत्रक शांतपणे दोनदा वाचलं की कळतं. लेकीनं ते पेन्सिलनं खुणा करून वाचलं आणि आम्हाला जेवणाच्या ताटावर समजावून सांगितलं.

मग मी ठरवलं की दोन्ही ठिकाणी स्वतः जायचं. एकदा नाही, प्रत्येकी दोनदा, एकदा सकाळी आठला आणि एकदा संध्याकाळी पाचनंतर. गेटवर ॲप्रन हातात घेतलेली मुलं-मुली दिसली की थांबवायचं आणि कॉलेज कसं आहे हे विचारायचंच नाही, कारण त्याला सगळे छान आहे म्हणतात. आम्ही विचारायचो आज जेवलीस किती वाजता, घरी जाऊन अभ्यास होतो का, सिनियरला रात्री शंका विचारता येते का, पहिल्या वर्षी रडलीस का. परक्या बाईला पोरं इतकं मोकळेपणी सांगतील असं वाटलं नव्हतं.

केईएमपासून सुरुवात केली, कारण आमच्या घरात केईएम म्हणजे देवस्थान आहे. सासरे लालबागला मिलमध्ये होते, 82 च्या संपात घर विस्कटलं तेव्हा सासूबाईंचं ऑपरेशन केईएमला झालं होतं, आणि माझा नवरा शेजारच्या वाडिया हॉस्पिटलात जन्मलेला. त्यामुळे सासूबाईंनी निकाल लागताच जाहीर केलं होतं, "आपली पोर केईएमलाच डॉक्टर होणार." त्या वास्तूत शिरलं की त्यांना असं का वाटतं ते कळतं. दगडी इमारत, लांबच लांब कॉरिडॉर, सकाळी आठला केस पेपरची रांग आणि त्या गर्दीतून फाईल घेऊन जवळजवळ पळणारे रेसिडेंट डॉक्टर. 1800 च्या आसपास खाटा आहेत. कॉलेज आणि हॉस्पिटल 1926 चं, म्हणजे 2026 ला शंभर वर्षं. आणि त्याची सुरुवातच अशी की देणगीदारांनी अट घातली होती, इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असतील. इंग्रजांच्या काळात ही अट घालणं म्हणजे काय छातीचं काम असेल! 1968 ला डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण इथेच केलं, पेशंट काही तासच जगला पण जगात हे नुकतं कुठे सुरू झालं होतं तेव्हाची गोष्ट आहे ही. 1986 ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला तोही इथेच.

तिथल्या मुलांकडून जे ऐकलं त्यात एक गोष्ट परत परत आली, की इथे आजूबाजूला सगळी मुलं खूप पुढची आहेत आणि त्यामुळे आपण आपोआप वाचायला बसतो. राज्यात वरच्या नंबरची बरीच मुलं जीएस पहिलं टाकतात हे खरंच आहे. रिसर्चची आवड असलेल्या मुलांना पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून सरांच्या मागे लागून प्रोजेक्ट करता येतो असं दोघा-तिघांनी सांगितलं. दुसरं म्हणजे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, लेक्चर हॉल, वॉर्ड, ओपीडी, समोर टाटा कॅन्सर हॉस्पिटल, शेजारी वाडिया. एका मुलीनं सांगितलं की लेक्चर संपवून पाच मिनिटांत वॉर्डात पोचते. लेकीचे डोळे चमकत होते हे मी बघितलं, त्या दिवशी मला वाटलं झालं, ठरलं.

जेजेला गेलो तेव्हा भर पावसाळा. जेजेचा आवार केवढा मोठा आहे हे फ्लायओव्हरवरून जाताना कधी कळत नाही. आत झाडं, जुन्या इमारती, नव्या इमारती, एका विभागातून दुसऱ्यात जायला छत्री उघडावी लागते. कॉलेज 1845 चं, सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये दिले होते हॉस्पिटलला, त्या काळचे एक लाख. भाऊ दाजी लाड इथल्या पहिल्याच तुकडीचे विद्यार्थी, ज्यांचं नाव राणीच्या बागेतल्या म्युझियमला आहे ते. 1896 ला मुंबईत प्लेग आला तेव्हा मांडवीत तो ओळखणारे डॉ. व्हिएगस इथलेच विद्यार्थी, आणि शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस शोधली तीही ग्रँट मेडिकलच्या आवारातल्या खोलीत काम करून, जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. हे सगळं लेकीला आधीच माहीत होतं, मला तिथे उभी राहून सांगत होती. "आई, त्या वेळी लोक मुंबई सोडून पळत होते आणि हे इथे बसून काम करत होते." मी तिच्याकडे बघतच राहिले.

जेजेला साधारण 1350 खाटा. पेशंटचा प्रकार मात्र परळपेक्षा थोडा वेगळा जाणवला. डोंगरी, नागपाडा, गोदीकडची माणसं, कोकणातून रातराणीनं आलेली, विदर्भ-मराठवाड्यातून सरकारी दवाखान्यानं चिठ्ठी देऊन पाठवलेली, आणि तुरुंगातले कैदीही पोलिसांसोबत उपचाराला येतात. राज्य सरकारचं मोठं हॉस्पिटल म्हणून सगळ्या महाराष्ट्राची चिठ्ठी इथे येते. एका सिनियर मुलानं आम्हाला सांगितलं की हिस्टरी, म्हणजे पेशंटला विचारून आजाराची माहिती, घेता घेता मी चार प्रकारची मराठी आणि तीन प्रकारची हिंदी शिकलो. डोळ्यांचा विभाग तर डॉ. तात्याराव लहाने यांच्यामुळे गावागावांत माहीत आहे, आमच्या गावच्या दोन म्हाताऱ्या तिथून दृष्टी घेऊन आल्यात.

एक बदल लक्षात ठेवा, जेजेसोबत पूर्वी सेंट जॉर्ज, जीटी आणि कामा अशी तीन हॉस्पिटलं जोडलेली असायची, त्यातल्या जीटी आणि कामाचं 2024 पासून 50 जागांचं वेगळं सरकारी कॉलेज सुरू झालंय. जुने डॉक्टर त्यांच्या वेळचं सांगतात ते ऐकताना हे ध्यानात असू द्या.

आता प्रवास. यावर मी मुद्दाम जास्त लिहिणार आहे, कारण यावर कोणी बोलत नाही आणि आमच्या घरात निर्णय शेवटी इथेच झाला. हॉस्टेल मिळेलच हे गृहीत धरून आम्ही चाललो नाही, मुंबई-ठाण्याच्या मुलांनी तर धरूच नये, बाहेरगावच्या पोरांना त्याची गरज जास्त असते आणि ते बरोबरच आहे. म्हणजे साडेचार वर्षं आणि वर इंटर्नशिपचं एक वर्ष, रोज डोंबिवली. मी स्वतः बावीस वर्षं त्या लेडीज डब्यात काढलीत, मला माहितीये की तो प्रवास माणसातून काय काढून घेतो. परळला फास्ट थांबत नाही. म्हणजे सकाळी एकतर स्लोनं सव्वा तास, नाहीतर फास्टनं दादर आणि तिथे उतरून एक स्टेशन स्लोनं किंवा बस. सकाळचं जमतं, दादरला माणूस आपोआप बाहेर फेकला जातो. पण संध्याकाळी सहा-साडेसहाला दादरला डोंबिवली फास्टमध्ये चढून दाखवा. हातात बोन सेटची, म्हणजे अभ्यासाच्या हाडांची, बॅग, जर्नल, ॲप्रन. मी चढलेय, मला मुलीला त्यात रोज नव्हतं बघायचं. याउलट भायखळ्याला फास्ट थांबते, सीएसएमटीवरून निघालेली गाडी तिथे पोचते तेव्हा निदान आत शिरायला जागा असते, आणि फारच थकलेली असली तर उलट सीएसएमटीला जाऊन बसून यायचं. स्टेशन ते जेजे पायी पंधरा-वीस मिनिटं, नाहीतर बस. भायखळा स्टेशन छान सुधारलंयसुद्धा, जुनं रूप परत आणलं म्हणून युनेस्कोचं पारितोषिक मिळालं 2022 ला.

परळवाल्यांवर अन्याय नको म्हणून हेही सांगते, 2019 पासून परळहून सुटणाऱ्या लोकल आहेत, स्लो आहेत पण बसायला मिळतं, आणि गाडीत पुस्तक उघडून वाचणारी मुलं असतात त्यांना ते जास्तही आवडेल. जे वेस्टर्नवरून येतात त्यांना प्रभादेवीला उतरून केईएम जवळ पडायचं, पण एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर 2025 ला पाडकामासाठी बंद झालाय, त्यामुळे वसई-विरार-बोरिवलीवाल्यांनी आताचा रस्ता स्वतः चालून बघा, दोन वर्षांपूर्वीच्या कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. हार्बरवाल्यांना जेजेसाठी सँडहर्स्ट रोड सोयीचं, केईएमला शिवडीवरून पुढे बस किंवा टॅक्सी. पावसात केईएमच्या वाटेवर पाणी तुंबणारं हिंदमाता आहेच, पण 8 जुलै 2024 सारखा पाऊस झाला, सहा तासांत 300 मिलिमीटर, की सायन-कुर्ल्याला रूळ पाण्यात जातात आणि मग डोंबिवलीकरांना दोन्ही सारखीच. त्यामुळे पाऊस हा मुद्दा आम्ही धरलाच नाही.

फॉर्म भरायच्या आदल्या रात्री घरात बरंच झालं. नवरा म्हणत होता की दहा-वीस वर्षांनी लोक विचारतात तेव्हा केईएम म्हटलं की समोरचा गप्प होतो. भावोजींचं म्हणणं तेच. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या जपमाळ ओढत बसल्या होत्या. मग लेकच त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आजी, मला दोन्ही आवडलीत. पण केईएमला गेले तर घरी येऊन मी फक्त झोपेन. जेजेला गेले तर येऊन दोन तास वाचेन. आणि मला तिथले पेशंट बघायचेत, लांबून आलेले." सासूबाईंनी थोडा वेळ घेतला, आणि मग एवढंच विचारलं, "संध्याकाळी जेवायला घरी असशील ना?" ती म्हणाली हो. "मग टाक तुला हवं ते वर." मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले, मला भरून आलं होतं. त्या बाईच्या आयुष्यात केईएम काय आहे हे मला माहीत होतं.

पहिल्या राउंडला जेजे लागलं. पहिलं वर्ष दोन्हीकडे तेच असतं, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, डिसेक्शन हॉलचा तो वास जो केसांतून जात नाही, आणि हजेरी थिअरीला 75 टक्के, प्रॅक्टिकलला 80 टक्के, त्यात सूट नाही. पहिल्या टर्मिनल परीक्षेत तिला कमी मार्क पडले, चार दिवस गप्प होती, पण उशिरापर्यंत बसायची ताकद अंगात होती आणि ती घरी पोचून जेवून वाचत होती, दुसऱ्या टर्मिनलला सावरली. दुसऱ्या वर्षापासून वॉर्डात जायला लागल्यावर तर मुलगी बदललीच. एकदा सांगत होती की बीडकडून आलेल्या एका आजींची हिस्टरी घ्यायला तिला चाळीस मिनिटं लागली कारण आजी दुखण्याआधी शेतातलं सगळं सांगत होत्या, आणि त्या शेतातल्या गोष्टींतच फवारणीच्या औषधाचा उल्लेख निघाला जो कोणाला आधी सांगितला नव्हता. लेकीनं ते वरच्या रेसिडेंटला सांगितलं. त्या रात्री ती जेवताना तेच बोलत होती आणि सासूबाई घास हातात धरून ऐकत होत्या.

मग केईएम कोणी घ्यावं? दादर-परळ-सायन-चेंबूर-ठाण्याच्या आतली मुलं, ज्यांना प्रवास टोचणार नाही. ज्यांना वरच्या मुलांच्या गर्दीत चेव येतो, दडपण येत नाही, हे मुलाला विचारूनच कळतं, आपण ठरवू नये. ज्यांना पुढे रिसर्चकडे जायचंय. माझ्या भाचीला ठाण्याहून केईएम मिळालं यंदा आणि मीच तिला म्हटलं डोळे मिटून घे, ती तिथे फुललीये. महापालिकेची नायर आणि सायन ही कॉलेजंही काही कमी नाहीत, नायर तर 1921 चं, आमच्या यादीत तिसऱ्या-चौथ्या नंबरला तीच होती आणि ती मिळाली असती तरी पेढे वाटले असते.

पैशांचं थोडक्यात. दोन्हीकडची फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या आसपास, अभिमत कॉलेजात वर्षाला वीस लाखांच्या वर जाते ते डोळ्यांसमोर आणा. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना शिक्षण शुल्क माफ आहे, कागद आधीच तयार ठेवा, उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलमध्ये जूनमध्ये रांग असते. एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड आहे, केला नाही तर दहा लाख भरावे लागतात, हे प्रवेशाच्या वेळी मुलासमोर वाचा, म्हणजे नंतर घरात वाद नको.

आणि प्रवेश झाला की पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसमधून रेल्वे कन्सेशनचा फॉर्म घ्या, पास काढताना स्टेशन नीट लिहा. आम्ही भायखळ्याऐवजी सीएसएमटीपर्यंतचा काढला, थोडेसे रुपये जास्त जातात पण थकलेल्या दिवशी उलट जाऊन खिडकीजवळ बसून येता येतं. लेक म्हणते तिची निम्मी फार्माकोलॉजी, म्हणजे औषधांचा विषय, त्या खिडकीतच झालीये.